सुरगाठ आणि निरगाठ : तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेतील जुळवणीचा टाका



वार्षिक अहवालात जमाखर्च व कार्यवृत्त यांच्या जोडीला एखाद्या उपचाराची सोप्या भाषेत ओळख करून देणारा लेख असावा, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. या वेळी आम्ही तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेचा विषय घेतला आहे. राजूर आणि भोवतालच्या डोंगरपट्ट्यातील तिरळेपणाच्या रुग्णांची प्राथमिक तपासणी आपल्या रुग्णालयात होते; परंतु शस्त्रक्रियेसाठी त्यांना नाशिक, पुणे किंवा मुंबई येथील मोठ्या नेत्र रुग्णालयांत पाठवावे लागते. तेथून परतलेली कुटुंबे कधी कधी संकोचत विचारतात, “काल ऑपरेशन झाले आणि आज सकाळी डॉक्टरांनी डोळ्यातला दोरा पुन्हा ओढला. म्हणजे काल काही चुकले होते का?” देणगीदारांचा प्रश्न निराळा, पण त्याच धाग्याचा असतो. “शस्त्रक्रिया थोड्या वेळाची, मग मुक्कामाचा खर्च कशासाठी?”

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. दुसऱ्या दिवशी दोरा ओढून केलेली जुळवणी म्हणजे चुकीची दुरुस्ती नव्हे. तो त्याच शस्त्रक्रियेचा, आधीपासून योजलेला उत्तरार्ध होय. हा उत्तरार्ध का ठेवावा लागतो, तो कोणासाठी असतो आणि त्यासाठी रुग्णाने व समाजाने काय सोसावे लागते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; आमचा नित्याचा संबंध हिशेबाच्या वह्यांशी. म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच सर्वसामान्य वाचकाच्या शब्दांत मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

तिरळेपणा म्हणजे काय?

प्रत्येक डोळा सहा लहान स्नायूंनी बांधलेला असतो. चार स्नायू सरळ जातात व दोन तिरके. डोळा आत, बाहेर, वर, खाली वळतो किंवा किंचित कलतो, तो या स्नायूंच्या ओढीने. आपल्या भागात डांगी बैलांची जोडी हाकणाऱ्या कोणालाही हे पटकन उमगेल. दोन्हीकडचे कासरे सारख्या ओढीचे असले की गाडी सरळ चालते. एक कासरा आखडला किंवा दुसरा सैल पडला की ती एका अंगाला जाते. डोळ्यांचे काम याहून अवघड आहे, कारण येथे दोन्ही डोळ्यांचे मिळून बारा कासरे आहेत आणि दोन्ही डोळ्यांनी प्रत्येक क्षणी एकाच वस्तूवर रोखलेले असावे लागते. तसे झाले तरच मेंदू दोन डोळ्यांतली दोन चित्रे एकत्र करून एकच चित्र उभे करतो आणि वस्तू किती दूर आहे याची अचूक जाण देतो.

एक डोळा आत नाकाकडे, बाहेर कानाकडे, वर किंवा खाली वळलेला राहिला की त्याला तिरळेपणा म्हणतात. तो मोठ्या वयात अचानक आला तर मेंदूला दोन चित्रे जुळवता येत नाहीत आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. रस्त्यावरून एक मोटार यावी आणि दोन दिसाव्यात, पायरी एक असावी आणि दोन भासाव्यात, अशा माणसाने काम कसे करावे? लहान मुलात मात्र मेंदू वेगळा मार्ग काढतो. गोंधळ टाळण्यासाठी तो वळलेल्या डोळ्याचे चित्र दाबून टाकतो. मुलाला त्रास जाणवत नाही, ते तक्रारही करत नाही. पण त्या डोळ्याची दृष्टी वाढीस लागत नाही. या मंददृष्टीवर सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत उपचार केल्यास चांगला लाभ होतो. पुढे तो कठीण होत जातो.

आपल्या समाजात तिरळा डोळा भाग्याचे लक्षण मानण्याची समजूत अजूनही आढळते. दुसरीकडे त्याच मुलाला शाळेत ‘चकण्या’ म्हणून हाक मारली जाते आणि मुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की तोच डोळा आड येतो. या दोन्ही गोष्टी सोडून द्याव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तिरळेपणा हे भाग्य नाही आणि दोषही नाही. त्याला कारणे असतात व त्यांतील बहुतेकांवर उपाय असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाचे डोळे अधूनमधून भरकटतात. परंतु चौथ्या महिन्यानंतरही डोळा वळत असेल, तर तपासणी लांबवू नये. क्वचित प्रसंगी तिरळेपणामागे लहान वयातील मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतील गाठ असू शकते. म्हणून अशा प्रत्येक मुलाच्या डोळ्याची, बाहुली मोठी करून, आतून तपासणी होणे आवश्यक असते.

प्रत्येक तिरळ्या डोळ्याला शस्त्रक्रिया लागते असे नाही. काही मुलांना दूरदृष्टीचा मोठा नंबर असतो. जवळचे पाहताना डोळ्यावर ताण येऊन तो आत वळतो व योग्य चष्मा लावताच सरळ होतो. मंददृष्टी असेल तर चांगला डोळा ठरावीक वेळ पट्टीने झाकून दुसऱ्याला कामाला लावतात. शस्त्रक्रिया डोळा सरळ करते. मंदावलेली दृष्टी परत आणण्याचे काम चष्म्याचे आणि पट्टीचे. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

डोळा खोबणीतून बाहेर काढून ठेवतात, दुरुस्त करून परत बसवतात, अशी अफवा वाड्या-पाड्यांवर पसरलेली असते आणि तिच्या भीतीने अनेक जण उपचार नाकारतात. असे काहीही होत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ पडद्याला लहानसा छेद देऊन त्याखालचा स्नायू मोकळा करतात. ओढ कमी करायची असेल तर स्नायू मूळ जागेवरून सोडवून थोडा मागे जोडतात. ओढ वाढवायची असेल तर त्याचा लहान तुकडा कमी करून तो पुन्हा जोडतात. डोळ्याच्या आत, जेथे भिंग व दृष्टिपटल असते, तेथे हात जात नाही.

हे सारे काम मिलिमीटरांचे आहे. प्रौढ माणसाचा डोळा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो. नाकाकडचा सरळ स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ५.५ मिलिमीटरवर जोडलेला असतो. डोळा किती वळला आहे हे लोलकाच्या साहाय्याने मोजतात व ते प्रिझम डायॉप्टर या एककात सांगतात. एक मीटर अंतरावर नजर एक सेंटिमीटर ढळली तर ती एक प्रिझम. डोळे आत वळलेले असता वापरल्या जाणाऱ्या प्रचलित कोष्टकानुसार ३० प्रिझमसाठी दोन्ही डोळ्यांतील नाकाकडचा स्नायू प्रत्येकी ४.५ मिलिमीटर मागे नेतात आणि ३५ प्रिझमसाठी ५ मिलिमीटर. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने पाच प्रिझमचा फरक पडतो. सोनाराच्या काट्यालाही लाजवील असे हे माप आहे.

हे माप पूर्वी नव्हते. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिन येथे योहान फ्रीडरिख डीफेनबाख या शल्यचिकित्सकाने एका सात वर्षांच्या मुलाच्या आत वळलेल्या डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणावरील यशस्वी शस्त्रक्रिया केली. ईथरने भूल देण्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक त्यानंतर सात वर्षांनी, १८४६ साली झाले. स्नायू नुसता कापून सोडला की तो किती मागे सरकेल यावर कोणाचे नियंत्रण राहत नसे. आत वळलेला डोळा कालांतराने बाहेर वळल्याची उदाहरणे त्या काळी पुष्कळ घडली. पुढे स्नायू कापून मोकळा न सोडता मोजून पुन्हा जोडण्याची पद्धत रुजली आणि कोष्टके तयार झाली.

कोष्टक असूनही अनिश्चितता का उरते?

कोष्टक हे अनेक रुग्णांच्या अनुभवाचे सार असते. समोरचा रुग्ण मात्र एकटा असतो. प्रत्येकाच्या स्नायूची लवचीकता सारखी नसते. आधी एकदा शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेथे व्रण तयार झालेला असतो. थायरॉइडच्या विकारात डोळ्याचे स्नायू सुजतात व पुढे ताठर होतात. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा डोक्याला मार यांमुळे स्नायूला चालना देणारी नस दुबळी झालेली असेल, तर त्या स्नायूचा प्रतिसाद निराळाच असतो. अशा रुग्णांत कोष्टकातला आकडा अंदाजासारखा वापरावा लागतो.

दुसरी अडचण भुलेची. पूर्ण भूल दिलेल्या माणसाचे डोळे जागेपणीच्या स्थितीत राहत नाहीत. शल्यचिकित्सकाने टेबलावर पाहून “आता डोळे सरळ झाले” असे ठरवावे म्हटले, तर ते शक्य नसते. डोळे सरळ झाले की नाही हे सांगू शकतो तो फक्त जागा असलेला, समोर पाहणारा रुग्ण. शस्त्रक्रिया तर झोपलेल्या माणसावर करायची आहे. ही अडचण सोडवण्यासाठी जी युक्ती निघाली, तिलाच डॉक्टर ‘अ‍ॅडजस्टेबल सूचर’ म्हणतात. आम्ही तिला जुळवणीचा टाका म्हणू.

सुरगाठीची युक्ती

आपल्या मराठीत गाठीचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. एका ओढीने सुटते ती सुरगाठ आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ. नेहमीच्या शस्त्रक्रियेत स्नायू ठरलेल्या जागी जोडून निरगाठ मारली जाते आणि काम संपते. जुळवणीच्या पद्धतीत स्नायूच्या टोकाला दोरा ओवतात, तो दोरा स्नायूच्या मूळ जागेतून काढतात आणि स्नायू त्या दोऱ्यावर हवा तितका मागे लोंबता ठेवतात. मग निरगाठ मारण्याऐवजी सुरगाठ मारतात, किंवा दोऱ्याभोवती दुसऱ्या दोऱ्याचा लहानसा सरकता फास बसवतात. फास पुढे-मागे सरकवला की स्नायूही त्या मापाने पुढे-मागे होतो. ओढ वाढवण्यासाठी स्नायू लहान केला असेल, तरी त्याचा टाका याच रीतीने जुळवता ठेवता येतो. दोरा विरघळणारा असून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक असतो. तो साधारण दोन महिन्यांत शरीरात विरून जातो.

भूल पूर्ण उतरली की त्याच दिवशी सायंकाळी, किंवा बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, रुग्णाला तपासणीच्या खोलीत नेतात. डोळ्यात बधिरतेचे थेंब घालतात. रुग्णाने आपला नेहमीचा चष्मा लावून प्रथम दूरच्या व मग जवळच्या खुणेकडे पाहायचे असते. डॉक्टर एकेक डोळा झाकून व उघडून पाहतात, लोलकाने मोजतात आणि विचारतात, “आता एक दिसते की दोन?” डोळा अजून आत असेल तर एका दिशेने, बाहेर गेला असेल तर दुसऱ्या दिशेने टाका सरकवतात. पुन्हा मोजतात. समाधान झाले की निरगाठ मारतात व दोऱ्याची टोके कापून टाकतात. पहिल्याच वेळी सर्व ठीक असेल, तर काहीही न सरकवता केवळ गाठ पक्की करतात. म्हणून कोणाचा टाका सरकवला आणि कोणाचा नाही, यावरून शस्त्रक्रियेची प्रतवारी लावू नये.

ही जुळवणी साधारणपणे चोवीस तासांच्या आत उरकतात, कारण त्यानंतर स्नायू डोळ्याच्या पृष्ठभागाला चिकटू लागतो. अलीकडच्या काही पद्धतींत ही मुदत काही दिवसांपर्यंत लांबवता येते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत अशा टाक्याचा विचार जुना असला, तरी त्याला आजचे रूप देऊन त्याचा प्रसार करण्याचे श्रेय सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. आर्थर जॅम्पोल्स्की यांना दिले जाते. त्यांनी १९७५ च्या सुमारास ही पद्धत मांडली.

जुळवणी करताना दुखते का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. थेंबांमुळे वरची संवेदना जाते; मात्र स्नायू ओढला जाताना दाब व ताण जाणवतो. काहींना मळमळते, घाम येतो, घेरी येते. डोळ्याचा स्नायू ओढला असता हृदयाचे ठोके मंदावू शकतात, ही प्रतिक्रिया १९०८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. म्हणून जुळवणीच्या वेळी नाडीवर लक्ष ठेवतात, रुग्णाला आडवे होण्याची सोय ठेवतात व आवश्यक औषध हाताशी असते. रुग्णाला हे सारे आधी सांगितलेले असेल, तर तो घाबरत नाही. न सांगितलेली गोष्ट दुप्पट दुखते, असा आमचा अनुभव आहे.

हा टाका कोणासाठी?

मुख्यतः प्रौढांसाठी आणि समजूतदार, मोठ्या मुलांसाठी. त्यांतही ज्यांची पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना थायरॉइडचा विकार आहे, ज्यांची नस दुबळी झाली आहे, ज्यांना अपघातात मार लागला आहे किंवा ज्यांना एकाचे दोन दिसते, अशांच्या बाबतीत डॉक्टर या पद्धतीचा विचार करतात. लहान मूल जागेपणी डोळ्याला हात लावू देणार नाही. त्याच्यासाठी काही केंद्रांत दुसऱ्यांदा अल्पकाळाची भूल देऊन जुळवणी करतात, पण बहुतेक मुलांची शस्त्रक्रिया निरगाठीनेच होते आणि ती चांगलीही होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. जुळवणीचा टाका नेहमीच्या टाक्यापेक्षा सर्वांसाठी सरस आहे, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. जगभरातील वैद्यकीय चाचण्यांचा तटस्थ आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ साली या विषयाचा आढावा प्रसिद्ध केला. तिच्या निकषांत बसणारी केवळ एकच चाचणी तिला आढळली. इजिप्तमधील ती चाचणी १२ वर्षांखालील ६० मुलांवरची होती आणि तेवढ्यावरून खात्रीचा निष्कर्ष काढता येत नाही, असे तिने नमूद केले. अवघड रुग्णांत हा टाका उपयोगी पडतो असे अनेक अनुभवी शल्यचिकित्सकांचे मत आहे, आणि त्यामागचे तर्कशास्त्र वर सांगितलेच आहे. तरीही अमुक पद्धतच हवी असा आग्रह रुग्णाने धरू नये. तो निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. टाका जुळवल्यानंतरही काही रुग्णांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हेही आधीच समजून असावे.

ही केवळ दिसण्याची गोष्ट आहे काय?

धर्मादाय निधी सौंदर्यासाठी का वापरावा, असा रास्त प्रश्न काही हितचिंतक विचारतात. समजा, एखादा चाळिशीचा ट्रकचालक आहे. मधुमेहाने त्याची नस दुबळी झाली आणि त्याला एकाचे दोन दिसू लागले. अशी नस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप सुधारते, म्हणून तेवढा काळ डॉक्टर वाट पाहतात. ती सुधारली नाही आणि एक डोळा झाकून वाहन चालवण्याची पाळी आली, तर त्याची उपजीविका गेली. त्याच्यासाठी डोळे जुळणे म्हणजे रोजगार परत मिळणे होय. आत वळलेला डोळा सरळ झाला की बाजूचे दिसण्याचा आवाका वाढतो. मोठ्या वयातही काही जणांच्या दोन्ही डोळ्यांचे एकत्र काम परत येऊ शकते. आणि जो माणूस वर्षानुवर्षे समोरच्याच्या नजरेला नजर देण्याचे टाळत आला, तो ताठ मानेने बोलू लागतो, याचे मोल जमाखर्चात मांडता येत नसले तरी ते खोटे नव्हे. लहानपणापासूनचा, दुसरे चित्र न दिसणारा तिरळेपणाही म्हणूनच उपचारास पात्र आहे.

खर्च नेमका कशाचा?

आता आमच्या वहीकडे वळतो. जुळवणीच्या टाक्याला वेगळे परदेशी यंत्र लागत नाही. दोरा नेहमीच्या शस्त्रक्रियेतलाच असतो. अधिक लागते ते शल्यचिकित्सकाचे दुसऱ्या दिवशीचे काम, परिचारिकेचा वेळ आणि सर्वांत महत्त्वाचा असा एक मुक्काम. शहरातील रुग्ण संध्याकाळी घरी जाऊन सकाळी परत येऊ शकतो. घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा गावांच्या रुग्णाला ते शक्य नसते. तो एकटाही येत नाही; सोबत एक माणूस येतो. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे, दोघांचे जेवण, सोबत्याची झोपण्याची जागा आणि दोघांचा बुडालेला रोजगार, हा खरा खर्च. तो शस्त्रक्रियेच्या बिलात कोठेही दिसत नाही.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून एक योजना लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर असेल, तर या योजनेचा लाभ मागता येतो. शासकीय आरोग्य योजनांत ही शस्त्रक्रिया बसते काय, हे ज्या रुग्णालयात जायचे तेथे आधी विचारून घ्यावे. परंतु खाट मोफत मिळाली, तरी एस.टी.चे भाडे आणि सोबत्याची भाकरी मोफत होत नाही. खर्चाच्या धास्तीने रुग्ण जुळवणीआधीच गावाकडे निघून गेला, तर सुरगाठ ज्या हेतूने मारली तो हेतूच वाया जातो आणि डोळ्यात अपुरे काम राहते. म्हणून आमच्या दृष्टीने शस्त्रक्रियेचा खर्च आणि मुक्कामाचा खर्च ही एकाच बाबीची दोन अंगे आहेत.

मुलांच्या बाबतीत आणखी एक पैलू आहे. या भागातील कितीतरी मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी होते आणि दृष्टिदोषही त्यात पाहिले जातात. दोष सापडल्यावर पुढची पायरी असते पालकांच्या संमतीची. आवणीच्या दिवसांत आई-वडील शेतात असतात. भातकापणीनंतर अनेक जण मजुरीसाठी बाहेर जातात. सही घेणारे कोणी नसते आणि मुलाचे एक वर्ष निघून जाते. मंददृष्टीत वर्षाची किंमत मोठी असते. शिक्षक व अधीक्षक यांनी अशा मुलाची माहिती लगेच कळवावी, एवढीच विनंती.

नातेवाइकांसाठी काही सूचना

१. तपासणीला जाताना रुग्णाचे जुने फोटो न्यावेत. तिरळेपणा केव्हापासून आहे हे त्यांवरून कळते. वापरातला चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवावी. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ते आवर्जून सांगावे.

२. जुळवणीचा टाका ठरला असेल, तर किमान एक मुक्काम धरूनच घरून निघावे. परतीची घाई करू नये.

३. रात्री डोळ्यावरील पट्टी काढू नये, डोळा चोळू नये. दोरा टोचल्यासारखा वाटला तरी ओढू नये.

४. जुळवणीच्या वेळी जसे दिसते तसेच सांगावे. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून “एकच दिसते” असे म्हणू नये. या खोलीत रुग्णाचे उत्तर हेच मोजमाप असते.

५. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळा लाल राहतो. काही दिवस दोन दिसू शकते. बाहेर वळणाऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत तो पुढे पुन्हा थोडा बाहेर सरकेल हे धरून डॉक्टर मुद्दाम किंचित आत ठेवतात. त्यामुळे घाबरून जाऊ नये. दिलेल्या तारखेस दाखवावे.

६. वेदना वाढत जाणे, पू येणे, दिसणे कमी होणे, किंवा डोळा एकाएकी एका बाजूस जाऊन परत न फिरणे, यांपैकी काही आढळल्यास तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

७. डॉक्टर परवानगी देईपर्यंत पोहणे, डोक्यावरून आंघोळ, धूळ आणि आवणीचा चिखल यांपासून डोळा जपावा. शक्य असल्यास शस्त्रक्रियेची तारीख आवणी उरकल्यावरची घ्यावी.

समारोप

तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत अर्धे काम शल्यचिकित्सकाच्या हाताचे आणि अर्धे रुग्णाच्या जागेपणाचे आहे. त्या दोहोंची गाठ पडण्यासाठी मध्ये एक रात्र जावी लागते. ती रात्र परक्या शहरात, अनोळखी वॉर्डात, खिशात मोजके पैसे असताना काढायची असते. डॉक्टर आपले काम करतातच. त्या रात्रीची सोय करणे हे आपणा सर्वांचे काम आहे.

यापुढे आपण देणगी पाठवताना पावतीवर ‘प्रवास व मुक्काम’ असा उल्लेख करावयास सांगितलेत, तर ती रक्कम बाहेरगावी पाठवलेल्या रुग्णांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या भाड्यासाठी, जेवणासाठी आणि निवाऱ्यासाठीच खर्च होईल व तिचा हिशेब स्वतंत्र ठेवला जाईल. ज्यांना पैशाने मदत करणे शक्य नाही, त्यांनी शहरात नातेवाइकांकडे एका सोबत्याची रात्रीची व्यवस्था करून दिली, तरी ती देणगीच होय. आणि घरात, वाडीत, शाळेत डोळा वळलेले एखादे मूल दिसले, तर त्याच्या आई-वडिलांना एकदा तपासणीसाठी घेऊन यावे. 

रुग्णालय प्रशासन, राजूर